उलट बाजूचं फूल

ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या १६४१ साली बऱ्हाणपुरातून गेला. शहराची पडझड झाली होती, बरीचशी घरं गवताने शाकारलेली होती. कापडापाशी मात्र तो थबकला. इथली तलम मलमल इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि थेट कैरोपर्यंत जाते, असं त्याने लिहून ठेवलं. काही थानं रंगीत, फुलाफुलांची. काही पांढरीच, पण लांबीभर जरीचा एखाद-दुसरा पट्टा आणि दोन्ही टोकांना इंचभरापासून बारा-पंधरा इंचांपर्यंत सोनं, चांदी नि रेशमात विणलेली फुलं. या फुलांना उलट बाजू नसे. दोन्हीकडून ती सारखीच देखणी. सोनं नि चांदी समुद्राच्या हवेने काळवंडली, तर पोलंडकडे निघालेला माल तोट्यात विकावा लागतो, हेही नोंदवायला हा हिशेबी माणूस विसरला नाही.

उलट बाजू नसलेलं फूल मागावर जमतं. शिवणयंत्रावर ते फार अवघड, कारण यंत्राचा टाकाच दोन दोऱ्यांचा असतो. एक सुईतला, दुसरा बॉबिनमधला, आणि दोघांची गाठ कापडाच्या जाडीत पडावी लागते. गाठ वर सरकली तर खालचा रंग ठिपक्या-ठिपक्यांनी डोकावतो, खाली घसरली तर मागे जाळं होतं. शिंपी याला दोष मानतो. फ्री हॅंड भरतकाम करणारा वरचा ताण मुद्दाम घट्ट करतो, बॉबिनचा स्क्रू थोडा सैल सोडतो, आणि त्याच ठिपक्यांतून शेवाळ किंवा झाडाची खरबरीत साल उभी करतो.

या कामाला वेगळं यंत्र लागतंच असं नाही. पायाने चालवायचं जुनं काळं मशीनही पुरतं. एरवी सुईखालचे दाते कापड पुढे ढकलतात, म्हणून शिवण सरळ जाते. फ्री हॅंडसाठी ते दाते खाली पाडायचे, किंवा जुन्या यंत्रात पडत नसतील तर त्यांवर पत्रा बसवायचा. दाबणारा पाय काढून टाकायचा. कापड रिंगमध्ये ढोलकीसारखं ताणायचं, पण हाताने भरतकाम करताना लावतो त्याच्या उलट: कापड रिंगच्या तळाशी, मशीनच्या पाटाला टेकलेलं. मग सुई एकाच जागी वरखाली होत राहते आणि कापड फिरतं. कागदावर पेन्सिल फिरवण्याऐवजी पेन्सिल धरून ठेवावी आणि खालचा कागद हलवावा, तसा हा प्रकार. पहिले काही दिवस हात बंड करतो.

नवशिके बहुतेक एकाच ठिकाणी अडकतात. दाबणारा पाय काढलेला असतो, म्हणून तो खाली करायची दांडीही तशीच वर राहते. पण ती खाली केल्याशिवाय वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही, आणि क्षणात मागे दोऱ्याचं घरटं तयार होतं. सगळी गंमत आहे ती पाय आणि हात यांच्या तालात. पाय जलद, हात संथ, तर टाका तिळाएवढा. हात घाईत, तर टाका लांब. रिंग हिसकली की सुई मोडते.

भरतकामाचं यंत्र युरोपात एकोणिसाव्या शतकातच आलं. हाइलमानने १८२८च्या सुमारास अनेक सुयांचं यंत्र रचलं, ग्रोब्लीने १८६३मध्ये शिफली यंत्राची कल्पना मांडली, बोनाझने १८६५मध्ये साखळीटाक्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ही कारखान्यांची यंत्रं. पहिल्या दोन यंत्रांचा पराक्रम एकच फूल हजार वेळा काढण्यात. आज संगणकावरची यंत्रं तेच आणखी झपाट्याने करतात. साडीच्या काठाला ते ठीक. पण झाडाला एकसारखी दोन पानं येत नाहीत, आणि फ्री हॅंडवाल्याची मनात असूनही एकसारखी दोन पानं निघत नाहीत. निसर्ग काढायला हाच दोष कामी येतो.

बऱ्हाणपुराला निसर्ग कापडावर आणायची जुनी खोड आहे. जहांगीर १६२०च्या वसंतात काश्मिरात गेला, तेव्हा उस्ताद मन्सूरने शंभरावर फुलांची चित्रं काढल्याचं बादशहाने आत्मवृत्तात नोंदवलं. पुढे मुळापासून कळीपर्यंत सुटं उभं असलेलं रोप ही मोगल कलेची खूणच झाली. दख्खनच्या मोहिमेसाठी शाहजहान बऱ्हाणपुरात मुक्कामी होता, मुमताजमहल १६३१मध्ये इथेच वारली, आणि शाही किल्ल्यातल्या हमामाच्या छतावर रंगीत वेलबुट्टी आजही दिसते. कमानीखाली एकेक रोप रंगवलेल्या तंबूंच्या ज्या सुती कनाती संग्रहालयांत जपल्या आहेत, त्यांपैकी काही बऱ्हाणपूरच्या असल्याचं अभ्यासक मानतात.

आज इथे हातात रिंग घेतलेल्या माणसाला नमुन्यासाठी काश्मीर गाठायला नको. शहराबाहेर पडलं की रावेरपर्यंत केळीच केळी. केळीचं पान जणू फ्री हॅंडसाठीच घडलं आहे: मधला जाड दांडा, त्यातून निघालेल्या समांतर शिरा, आणि वाऱ्याने त्याच शिरांवरून फाटलेल्या पट्ट्या. पट्ट्यांच्या कडा सोडून मधल्या फटींतलं कापड कापलं की फाटकं पान खरंच फाटकं दिसतं. पाण्यात विरघळणाऱ्या पारदर्शक पटलावर शिरा एकमेकींत अडकवत काढल्या, तर धुतल्यावर केवळ दोऱ्यांचं जाळीदार पान हाती येतं. स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेनच्या लेसवाल्यांनी १८८०च्या दशकात आधाराचं कापड रसायनाने विरघळवून हीच युक्ती केली होती. शिवाय कपाशी. तिचं फूल उमलताना फिकट पिवळसर आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी. सुती कापडावर सुती दोऱ्याने ते काढताना रंग बदलायला दोन रिळं पुरतात.

जरीची गोष्ट निराळी. बऱ्हाणपूरचे तारकस सोन्याचा पत्रा चढवलेली रुप्याची कांब पोलादी जंत्रीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत. केसाएवढी तार चपटी केली की बादला, आणि बादला रेशमावर गुंडाळला की कलाबतू. आता बाजारातली बरीच जर पॉलिस्टरवर धातूचा मुलामा दिलेली असते, पण स्वभाव तोच: सुईच्या नाकात ती सोलवटते, तुटते. यावर कारागिराचा उपाय साधा आहे. जर सुईत ओवायचीच नाही. ती बॉबिनवर हाताने गुंडाळायची आणि कापड पालथं रिंगला लावायचं.

म्हणजे काम उलट बाजूने चालतं. डोळ्यांसमोर पेन्सिलची आखणी आणि साध्या दोऱ्याची रेघ, तर जरीचं फूल खाली, नजरेआड, पाटाला घासत उमलत असतं. कुठली पाकळी फसली, ते रिंग उलटवल्यावरच कळतं.