24 लाखांच्या तंजावरात एमएसचे दोनशे रुग्ण

2011 च्या जनगणनेनुसार तंजावर जिल्ह्याची लोकसंख्या 24,05,890. मंगळूर शहरात झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे एमएसचे, रुग्ण लाखामागे सुमारे 8 आढळले. तोच दर तंजावरला लावला तर जिल्ह्यात 190 च्या आसपास रुग्ण निघतात. या आजारात शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण सोलून काढतात. बहुतेकांना तो ऐन विशी-तिशीत गाठतो, आणि बायकांमध्ये जास्त दिसतो.

आता दुसरा आकडा. 2009 साली जर्मन संशोधकांनी एमएसचे 20 रुग्ण आणि 19 निरोगी माणसे यांच्या रक्तातले 866 मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांच्या कामावर अंकुश ठेवणारे छोटे रेणू, तपासले. त्यांपैकी 165 चे प्रमाण दोन्ही गटांत वेगळे निघाले. एकट्या मायक्रोआरएनए-145 वरून 90 टक्के रुग्ण ओळखता आले आणि 89.5 टक्के निरोगी माणसे निरोगी ठरली. वाचताना वाटते, निदानाचा प्रश्न मिटलाच.

ही चाचणी सरसकट साऱ्या तंजावर जिल्ह्याची केली असे धरून हिशोब मांडू. 190 पैकी 171 रुग्ण सापडतील. पण निरोगी माणसांपैकी 10.5 टक्क्यांवर चुकीचा शिक्का बसेल, आणि ती संख्या अडीच लाखांच्या वर जाते. 2011 मध्ये अख्ख्या तंजावर शहराची लोकसंख्याही त्याहून कमी, 2,22,943 होती. म्हणजे एका खऱ्या रुग्णामागे जवळजवळ दीड हजार निरोगी माणसे धास्तावणार. यात संशोधकांची काही चूक नाही. एवढ्या दुर्मिळ आजारात 89.5 टक्के फार तोकडे पडतात, इतकेच. त्याच अभ्यासात 48 मायक्रोआरएनए एकत्र धरल्यावर निरोगींची ओळख 95 टक्क्यांवर गेली. तरीही चुकीचे शिक्के सव्वा लाखाच्या घरात राहतात.

मुळात एवढासा रेणू इतक्या गोष्टी हलवतो कसा? मायक्रोआरएनए साधारण 22 अक्षरांचा असतो. 1993 साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रवकुन यांच्या प्रयोगशाळांनी एका सूक्ष्म कृमीत त्याचे काम उलगडले आणि 2024 चे नोबेल त्यासाठीच मिळाले. संदेशवाहक आरएनएवर नेम धरण्यासाठी त्याची सातएक अक्षरे पुरतात. चार अक्षरांच्या लिपीत सात अक्षरांचे 16,384 शब्द होतात, म्हणून ठरावीक शब्द शेकडो जनुकांच्या संदेशांत सापडतो. एक मायक्रोआरएनए त्या प्रत्येकातून बनणारे प्रथिन थोडे थोडे कमी करतो. एखादे जनुक पुरते बंद पडणे विरळाच. परिणाम साचत जातो तो पेशीच्या स्वभावावर.

रोगप्रतिकारक पेशींत हे स्पष्ट दिसते. 2009 मध्ये शांघायच्या गटाने दाखवले की मायक्रोआरएनए-326 वाढला की ईटीएस-1 हे प्रथिन दबते आणि दाह पेटवणाऱ्या टीएच-17 पेशींची संख्या वाढते. उंदरांत तो अडवल्यावर एमएससारखा आजार सौम्य झाला. मायक्रोआरएनए-155 नसलेले उंदीरही एमएससारख्या आजारातून बऱ्याच अंशी वाचतात. याउलट मायक्रोआरएनए-146ए दाहाला आवर घालतो. म्हणून अमुक मायक्रोआरएनए वाढला एवढ्यावर काहीच ठरत नाही. तो कोणत्या पेशीत वाढला, हे आधी कळायला हवे. रक्ताच्या नमुन्यात टी-पेशी, बी-पेशी, मोनोसाइट सगळ्या एकत्र येतात आणि नेमका हाच तपशील हरवतो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तुलनेची बाजू. न्यूरॉलॉजिस्टसमोर येणारी व्यक्ती निरोगी नसते. तिला एका डोळ्याने अंधुक दिसत असते, किंवा पाय बधिर झालेले असतात. मंगळूरच्याच पाहणीत न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे एनएमओ, हा एमएससारखी लक्षणे असलेला वेगळा आजार लाखामागे 2.6 आढळला. एमएसच्या तीन रुग्णांमागे जवळपास एक. एमएसवरची इंटरफेरॉन-बीटासारखी काही औषधे एनएमओ बळावू शकतात, त्यामुळे ही गफलत रुग्णाची दृष्टी घेऊ शकते. जी चाचणी फक्त निरोगी माणसांशी ताडून पाहिली, ती या दोन आजारांत निवाडा करील असा भरवसा कसा धरावा?

डोळ्याचा मुद्दा तंजावरला परका नाही. सरफोजीराजांच्या काळातली (1798 ते 1832) नेत्ररुग्णांची चित्रांसह केलेली टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची आणि पुढे काय झाले ते पाहायचे, ही शिस्त मायक्रोआरएनएच्या चाचणीतही हवी. अमेरिकेत डोळ्याची नस सुजलेल्या रुग्णांचा 15 वर्षे पाठपुरावा झाला. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये ज्यांच्या मेंदूत एकही डाग नव्हता, त्यांच्यापैकी 25 टक्क्यांना पुढे एमएस झाला. ज्यांच्या मेंदूत एक जरी डाग होता, त्यांच्यापैकी 72 टक्क्यांना. मायक्रोआरएनएच्या चाचणीला या 25 आणि 72 च्या मधली धूसर जागा कमी करून दाखवावी लागेल, आणि तेही एमएस व एनएमओ दोन्हींचे रुग्ण असलेल्या आपल्याकडच्या वॉर्डात.