लाहोरच्या तुरुंगातून महापौरपदावर

सकाळी ६ : ठाकूरद्वारला खोलीवर चहा. बाहेर पावसाची झड. आज ९ ऑगस्ट. शहराच्या इतिहासफेऱ्या घेणं हा माझा व्यवसाय, आणि वर्षातला हा दिवस मी कुणाला देत नाही. आज कॉलेजची मुलं आहेत. विषय युसुफ मेहेरअली, बेचाळीसमधले मुंबईचे महापौर.

७.३० : गिरगाव चौपाटी, टिळकांचा पुतळा. दर ९ ऑगस्टला पदयात्रा इथून निघते. डॉ. जी. जी. पारीख वयाची नव्वदी उलटली तरी तिच्यात असत. बेचाळीसमध्ये झेवियर्समध्ये शिकत असताना ते तुरुंगात गेले, पुढे मेहेरअलींच्या नावाची संस्था उभी केली आणि २ ऑक्टोबर २०२५ला, शंभरी पूर्ण करून, गेले.

९ : ऑगस्ट क्रांती मैदान, म्हणजे जुना गवालिया टँक. ८ ऑगस्ट १९४२च्या रात्री इथे काँग्रेसचा ‘भारत छोडो’ ठराव झाला. ‘क्विट इंडिया’ ही घोषणा मेहेरअलींची, १९२८मधली ‘सायमन गो बॅक’ही त्यांचीच. पहाटे धरपकड झाली आणि महापौरही गजाआड गेले. सकाळी अरुणा असफ अलींनी इथेच झेंडा फडकवला. अश्रुधुराची नळकांडी फुटली.

११.३० : महापालिका मुख्यालयासमोर, फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्यापाशी. दरवर्षीचा प्रश्न आजही आला : “पण ताई, त्यांनी महापौर म्हणून केलं काय? एखादा पूल, रस्ता?”

मला हा प्रश्न आवडतो. १८८८च्या कायद्यानुसार कारभार आयुक्तांच्या हाती. महापौर सभा चालवतो. अधिकार जवळजवळ नाहीतच. तरी मेहेरअली लाहोरच्या तुरुंगात असताना नगरसेवकांनी त्यांना उमेदवार केलं आणि निवडून आणलं. वय ३८. युद्ध चालू, रंगून पडलेलं, जपानी बॉम्बच्या भीतीनं लोक मुंबई सोडत होते. अशा वेळी शहरानं सरकारच्या कैद्याला आपला पहिला नागरिक केलं. पूल बांधायला आयुक्त पुरतो. शहराच्या नावानं सत्तेसमोर ‘नाही’ म्हणायला माणूस लागतो. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर काही वर्षं प्रशासकानंच कारभार पाहिला. तेव्हा शहराचं म्हणणं कुणी मांडायचं, असं मी विचारलं. मुलं आपसांत वाद घालू लागली. मी मध्ये पडले नाही.

१.३० : डबा.

३.३० : परळहून लालबागकडे, ताडपत्रीखालच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांसमोरून. इथे शां. स. मिरजकरांची गोष्ट सांगते. १९२८च्या सहा महिन्यांच्या गिरणी संपातले पुढारी, १९२९मध्ये मीरत खटल्यात पकडले गेलेले कम्युनिस्ट, आणि १९५८मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या धगीत, मुंबईचे महापौर. ज्यांना सरकारनं गुन्हेगार ठरवलं, त्यांनाच या शहरानं दोनदा मानाच्या खुर्चीत बसवलं, हे गिरणगावातल्या मुलांना कळायलाच हवं.

६ : शिवाजी पार्क. ९ ऑगस्टच्या संध्याकाळी कस्तुरबा इथल्या सभेत बोलणार होत्या. त्याआधीच त्यांना अटक झाली. मेहेरअलींची प्रकृती तुरुंगानं पोखरली. २ जुलै १९५०ला ते गेले, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

मस्जिद बंदरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे, तो मुलांपैकी कुणी पाहिला नव्हता. पुढच्या रविवारी सात वाजता स्टेशनबाहेर भेटायचं ठरलं, हातगाड्यांची गर्दी व्हायच्या आत.