शाळा गावाची, कारभार कोणाचा?

रत्नागिरी जिल्ह्यात वाडीवरची प्राथमिक शाळा बहुधा जिल्हा परिषदेची असते. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व ग्रामीण प्राथमिक शिक्षणाची धुरा त्यांच्याकडे आली. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या अधीन केंद्रप्रमुख आणि शाळेत मुख्याध्यापक, अशी या कारभाराची रचना आहे.

पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो. शिक्षकांचे वेतन राज्य शासनाच्या अनुदानातून भागते. जमीन महसुलावरील उपकरासारख्या स्वउत्पन्नातून परिषद पूरक खर्च करते. तिसरी वाट 2018 मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेची. तीत केंद्राचा वाटा 60 व राज्याचा 40 टक्के. या योजनेतील वार्षिक शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते. पटावर 30 पर्यंत मुले असल्यास 10,000 रुपये, 31 ते 100 असल्यास 25,000 रुपये, असा निकष आहे.

डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांची अडचण नेमकी येथेच आहे. पट घटला म्हणून कोकणातला पाऊस घटत नाही आणि छपराची डागडुजीही टळत नाही.

अशा वेळी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातील शाळा व्यवस्थापन समितीचे मोल कळते. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे व अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे, ही कामे कायद्यानेच तिला दिली आहेत. छपराची गरज आराखड्यात वेळीच नोंदली गेली आणि ग्रामसभेने ती उचलून धरली, तर मागणीला बळ येते. केवळ सह्यांपुरत्या भरणाऱ्या सभेत मात्र गावाचा हा हक्क कागदावरच राहतो.