जीपचे गिअर: दुरुस्त करावेत की बदलावेत?

सातपुड्यातल्या पाड्यांवरून रुग्णांना दवाखान्यात आणणारी आपली जुनी जीप महिनाभर मागच्या बाजूने घूं-घूं करते आहे. पावसाळा तोंडावर आहे. भर घाटात मागचा अ‍ॅक्सल गेला, तर रुग्ण तिथेच अडकेल.

मिस्त्रींनी आधी डिफरन्शियलचे ऑइल काढले. त्यात लोखंडाचा बारीक कीस दिसला तर ती नेहमीची झीज. दाताचा तुकडा निघाला तर गिअर गेला. दात शाबूत आणि फक्त बेअरिंग सैल असेल, तर नवे बेअरिंग व शिम घालून काम भागते. पण दातांवरचा कडक थर उडाला असेल, तर वेल्डिंगने भरलेला दात टिकत नाही. क्राउन आणि पिनियन कारखान्यातच जोडीने जुळवलेले असतात. म्हणून एकटा गिअर बदलून चालत नाही. भंगारातला अख्खा अ‍ॅक्सल स्वस्त पडतो, मात्र त्याच्या दातांचे प्रमाण पुढच्या अ‍ॅक्सलशी जुळलेच पाहिजे. नाहीतर चारही चाकांना जोर दिला की ट्रान्सफर केसवर ताण येतो.

आपल्या पिनियनचे दोन दात तुटलेले निघाले. म्हणून खर्च जास्त असला तरी नवी जोडी आणि नवी बेअरिंगे बसवायची, असे ठरले आहे. काम पहिल्या पावसाआधी व्हायला हवे.