मशीन आलं, तरी खाज का जात नाही?

आपल्या वस्त्यांमध्ये आता बऱ्याच घरांत वॉशिंग मशीन दिसतं. बहुतेक ठिकाणी दोन टबांचं, सेमी ऑटोमॅटिक. कुणी बचत गटाच्या कर्जातून घेतलं, कुणी हप्त्यावर, कुणाच्या पोराने पहिल्या पगारातून आईसाठी आणलं. नळावर किंवा नदीवर बसून ढीगभर धुणं आपटणाऱ्या बाईची कंबर आणि मनगटं त्याने वाचवली, हे लहान काम नव्हे. पण मशीन आलेल्या घरांतही काही तक्रारी कायम आहेत. गजकर्ण औषधाने बरं होतं आणि महिन्याभरात परत उठतं. बाळाच्या मांड्यांवर पुरळ येते. वंदनेला नेसायची पांढरी साडी चार धुण्यांत राखाडी पडते. पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास मारतो.

अशा वेळी मशीनला किंवा पावडरीला दोष दिला जातो. खरं तर मशीन बहुधा ठीकच असतं. आपण त्यात कपडे जास्त भरतो, पावडर जास्त टाकतो आणि खळबळायला कंटाळा करतो. शिवाय जे काम थंड पाण्याच्या मशीनकडून होऊच शकत नाही, ते झालं असं धरून चालतो.

आधी भरण्याबद्दल. मशीनवर सात किलो लिहिलेलं असतं, ते सुक्या कपड्यांचं वजन आणि तेही जास्तीत जास्त. साधारण हिशेब असा: शर्ट पाव किलो, सुती साडी अर्धा किलो, जीन्स सहा-सातशे ग्रॅम, जाड टॉवेल चार-पाचशे ग्रॅम, डबल बेडची चादर पाऊण ते एक किलो. म्हणजे चार जीन्स, दोन चादरी आणि दोन टॉवेल टाकले की टब जवळपास भरला, वर आणखी कोंबायला जागा नाही. कपडा स्वच्छ होतो तो एकमेकांवर घासून आणि पाण्यातून वर-खाली फिरून. गच्च भरलेल्या टबात खालची चकती नुसती गुरगुरते आणि वरचा कपडा जागचा हलत नाही. टब दोन-तृतीयांश भरावा, मशीन सुरू केल्यावर प्रत्येक कपडा वर येऊन परत खाली जातो का हे पाहावं. वाकळ मात्र दोन टबांच्या घरगुती मशीनमध्ये घालूच नये. ती पाण्याने इतकी जड होते की मोटर जळते.

पावडर कपड्यांवर भुरभुरू नये. आधी पाणी भरावं, त्यात पावडर टाकून मिनिटभर मशीन फिरवावं, ती विरघळली की कपडे सोडावेत. किती टाकायची? पाकिटावर माप असतं, पण त्याहून चांगली कसोटी खळबळण्याच्या पाण्यात आहे. दुसऱ्यांदा खळबळताना पाण्यावर फेस येत असेल, तर पावडर जास्त झाली. पुढच्या वेळी कमी टाका. फेस म्हणजे स्वच्छता असं जाहिरातींनी आपल्या डोक्यात बसवलं आहे, पण मळ काढण्याचं काम फेस करत नाही. कपड्यात राहिलेली पावडर घामाने ओली झाली की काखेत, कमरेच्या नाडीखाली, बाळाच्या लंगोटाखाली कातडी चुरचुरते. पुष्कळदा ज्याला आपण उष्णता म्हणतो, ती हीच असते.

इथे एक साधी युक्ती आहे, जी दुकानदार सांगत नाही. धुऊन झाल्यावर कपडे लगेच साध्या पाण्यात घालू नयेत. आधी ड्रायरमध्ये एक मिनिट पिळून साबणाचं पाणी काढून टाकावं, मग खळबळावं, पुन्हा मिनिटभर पिळावं आणि दुसऱ्या स्वच्छ पाण्यात खळबळावं. चार वेळा नुसतं बुचकळण्यापेक्षा यात साबण जास्त निघतो आणि पाणी निम्मं लागतं. ज्या वस्तीत नळाला तासभरच पाणी येतं, तिथे या निम्म्याची किंमत सांगायला नको. पाणी आणखी वाचवायचं असेल तर साबणाच्या एकाच पाण्यात आधी पांढरे, मग फिकट, शेवटी गडद आणि मळकट कपडे धुवावेत. आजाऱ्याचे कपडे यात धरू नयेत.

आता पाणी. कोडोलीच्या परिसरात वारणेचं पाणी आहे, तसंच बोअर आणि विहिरीही आहेत. बोअरचं पाणी कित्येकदा जड असतं, म्हणजे त्यात क्षार जास्त असतात. ओळखायला सोपं: बाटलीत अर्ध्यापर्यंत ते पाणी घ्या, साबणाच्या वडीचा लहान तुकडा टाकून जोरात हलवा. फेस न येता वर दह्यासारखा साका आला, तर पाणी जड आहे. हाच साका कपड्यांत बसतो आणि पांढरं राखाडी होतं, टॉवेल खरखरीत होतो. अशा पाण्यात साबणाच्या वडीपेक्षा वॉशिंग पावडर बरी. टबात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आधी विरघळवला तर पावडरही कमी लागते. रेशमी आणि लोकरी कपड्यांना सोडा चालत नाही. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ येतं तेव्हा ते पिंपात तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्यावं, नाहीतर आपण चिखलातच धुतो. पांढऱ्या कपड्यांना नीळ घातल्याने पिवळेपणा डोळ्यांना दिसत नाही इतकंच, मळ जागेवरच राहतो.

मूळ प्रश्न खाजेचा. गजकर्ण ही बुरशी आहे. खाजवताना कातडीचे सूक्ष्म पापुद्रे कपड्यात, चादरीत, टॉवेलात पडतात आणि त्यात बुरशी जिवंत राहते. थंड किंवा कोमट पाण्याच्या धुण्यात ती मरत नाही. उलट एकाच टबात फिरताना एकाच्या चड्डीतून दुसऱ्याच्या परकराला लागू शकते. साठ अंश तापमानाच्या पाण्यात मात्र ती मरते. पुढून दार असलेल्या बऱ्याच मशीनमध्ये पाणी गरम करण्याची सोय असते, तिथे साठचा आकडा निवडावा. आपल्या दोन टबांच्या मशीनमध्ये ती सोय नसते आणि प्लास्टिकच्या टबात उकळतं पाणी ओतलं तर टब वाकतो. म्हणून हे काम बादलीत करायचं. जितकं उकळतं पाणी तितकंच नळाचं पाणी मिसळलं की साधारण साठ अंश होतं. पण बादलीत ते लवकर निवतं. म्हणून सुती आतले कपडे, टॉवेल आणि चादरी स्टीलच्या बादलीत घालून त्यावर सरळ उकळतं पाणी ओतावं, झाकण ठेवून अर्धा तास राहू द्यावं आणि मग मशीनमध्ये नेहमीसारखं धुवावं. लहान मूल घरात असेल तर बादली त्याच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. भाजण्याचे अपघात असेच होतात.

ज्याला गजकर्ण आहे त्याचा टॉवेल आणि आतले कपडे बरे वाटल्यावरही काही आठवडे वेगळेच धुवावेत. घरात दोघांना असेल तर दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. आणि मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' विचारून आणू नका. त्यातल्या कित्येक ट्यूबांत स्टिरॉइड असतं. त्याने दोन दिवस खाज थांबते, पण बुरशी पसरते आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही. 2018 पासून अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, पण नियम काउंटरवर किती पाळला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. सरकारी दवाखान्यात दाखवा, गोळी-मलम सांगितलेल्या दिवसांइतकं पूर्ण घ्या.

खरजेचं वेगळं. तिचा किडा माणसाच्या अंगापासून दूर झाला की साधारण दोन-तीन दिवसांत मरतो. जे कपडे गरम पाण्यात घालता येत नाहीत, ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवले तरी चालतं. मात्र औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायला हवं. खाज नसलेल्यांनीही.

कामाचे कपडे हा विषय आपल्या घरांत जास्त महत्त्वाचा आहे. उसाच्या रानात तणनाशक किंवा कीटकनाशक मारून आलेल्या माणसाचे कपडे, गटार किंवा कचऱ्याचं काम करणाऱ्यांचे, दवाखान्यात सफाईला जाणाऱ्या बायांचे, हे घरच्या कपड्यांत कधीच मिसळू नयेत. फवारणीचे कपडे बाहेरच उतरवून वेगळ्या बादलीत ठेवावेत, रबरी हातमोजे घालून भरपूर पाण्यात दोनदा खळबळून मगच धुवावेत. ते मशीनमध्ये घातलेच तर नंतर एकदा रिकामं मशीन पावडर टाकून फिरवावं. ते पाणी विहिरीजवळ, हौदाजवळ सोडू नये. ज्याचं काम त्याने स्वतःचे कपडे बाहेर खळबळून घरात आणावेत. हे काम घरच्या बाईच्याच वाट्याला का यावं?

पाळीचं सुती कापड वापरणाऱ्यांनी ते आधी थंड पाण्यात भिजवावं. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. डाग निघाल्यावर गरम पाणी आणि साबण, आणि मग उन्हात वाळवणं. परकराखाली किंवा न्हाणीच्या कोपऱ्यात लपवून वाळवलेलं कापड दमट राहतं आणि त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. दोरीवर उन्हात टाकायला लाज वाटायचं काही कारण नाही.

पन्हाळा तालुक्यात जून ते सप्टेंबर ऊन क्वचित. त्या दिवसांत ड्रायर दोनदा फिरवावा, कपडे उलटे करून दोरीवर मोकळे टाकावेत, पंखा आणि खिडकी चालू-उघडी ठेवावी. दमट राहिलेल्या चड्डीच्या, बनियनच्या शिवणीवर गरम इस्त्री फिरवावी. उरलेला ओलावा तर जातोच, बुरशीही मरते. एका खोलीच्या घरात अंथरुणाच्या वर दोरी बांधलेली असते, तिथे निदान रात्री तरी ओले कपडे नकोत. ते वाळत नाहीत आणि भिंतीला बुरशी धरते.

रंगाचं थोडक्यात. नवी निळी शाल, निळा शर्ट किंवा झेंडा पांढऱ्यांबरोबर टाकू नये. ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा दाबून पाहा, रंग उतरला तर ते कापड सुरुवातीला चार-पाच वेळा वेगळं धुवावं. पांढऱ्या साडीला निळा डाग लागलाच तर ती वाळू न देता लगेच पुन्हा धुवावी.

मशीनचीही निगा आहे. जड पाण्याने आत पांढरा थर बसतो. दोन महिन्यांतून एकदा शंभर ग्रॅम लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून, थोडं निवल्यावर रिकाम्या टबात अर्धा तास ठेवावं आणि सोडून द्यावं. लिंबूसत्व किंवा संडासाचं ॲसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. धागे अडकतात ती जाळी दर दोन-तीन धुण्यांनी साफ करावी. धुणं झालं की दोन्ही झाकणं उघडी ठेवावीत. सांडपाण्याची नळी गटारापर्यंत नेली आहे ना, की दारात डबकं साचतं, तेही बघा. साचलेल्या पाण्यात डास होतात.

विजेबाबत हयगय नको. ओल्या फरशीवर एक्स्टेन्शन बोर्ड टाकून मशीन चालवणं जिवावर बेतू शकतं. अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच जोडावं, पाणी भरताना आणि कपडे काढताना बटण बंद करावं. ड्रायर पूर्ण थांबेपर्यंत आत हात घालू नये, मुलांना तर जवळही येऊ देऊ नये. दोन टबांच्या पुष्कळ मशीनची खालची बाजू उघडी असते, तिथून उंदीर शिरून वायरी कुरतडतात. तिथे जाळी बसवून घ्या.

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 चे महापूर आपल्या जिल्ह्याने पाहिले. पुराच्या पाण्यात भिजलेले कपडे आधी बाहेरच चिखल झटकून, हातमोजे आणि बूट घालून खळबळावेत. त्या पाण्यात मैला आणि उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टोचा आजार होतो. मग गरम पाणी, साबण आणि ऊन. पुरात बुडालेलं मशीन वरून वाळलेलं दिसलं तरी मोटरमध्ये ओल असते. मेकॅनिकने उघडून, वाळवून, तपासून दिल्याशिवाय त्याचा प्लग लावू नये.