कोरडे अर्थिंग, ओले हात

मे महिन्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पारा चाळिशीच्या वर जातो. तळोद्यातून जाणाऱ्या अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यालगतच्या वेल्डिंगच्या दुकानांतले काम मात्र अशा दुपारीही थांबत नाही. पावसाआधी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त व्हायच्या असतात, शेडचे पत्रे बसायचे असतात, लोखंडी दरवाजे द्यायचे असतात. डोक्यावर तापलेला पत्रा, अंगात घामाने भिजलेला सदरा, पायांत झिजलेली चप्पल. हातातल्या मशीनच्या वायरला दोन ठिकाणी टेप गुंडाळलेली. आणि शेडच्या मागे, जमिनीत पुरलेला अर्थिंगचा खड्डा कित्येक दिवस पाण्यावाचून कोरडा पडलेला.

घामाने हात ओला होतो आणि उन्हाने खड्डा कोरडा होतो. या दोन गोष्टी एकाच महिन्यात घडतात. विजेच्या दृष्टीने दोन्ही चुकीच्या दिशेला जातात.

विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांतून दिसते. त्यांत शेतकरी असतात, वायरमन असतात, घरातली माणसे असतात आणि लहान कारखान्यांतले कामगारही असतात. मोठ्या कारखान्यात निदान एखादा सुरक्षा अधिकारी असतो. पिठाची गिरणी, लाकूड कापायची मिल, मोटार वाइंडिंगचे दुकान, फॅब्रिकेशनची शेड अशा ठिकाणी मालक, कारागीर आणि वायरमन बऱ्याचदा एकच माणूस असतो.

शरीरात नेमके काय होते?

धक्का किती जोराचा, हे केवळ व्होल्टवर ठरत नाही. शरीरातून किती प्रवाह गेला, किती वेळ गेला आणि कोणत्या वाटेने गेला, यावर ते ठरते. हा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात मोजतात. साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या जाणवतात. १० च्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० च्या पुढे प्रवाह सेकंदभर टिकला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो.

‘करंटने माणसाला ओढून धरले’ असे म्हणतात. प्रत्यक्षात माणसाला त्याचेच स्नायू धरून ठेवतात. मूठ मिटणारे स्नायू मूठ उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात. दोन्ही एकदम आखडले की मूठ मिटूनच राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठातले विद्युत अभियंते चार्ल्स डॅलझिएल यांनी १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया अशा स्वयंसेवकांवर प्रयोग करून ही ‘सुटण्याची मर्यादा’ मोजली. पुरुषांत ती सरासरी १६ आणि स्त्रियांत १०.५ मिलिअँपिअर भरली. घरातला साधा ९ वॅटचा एलईडी बल्ब सुमारे ४० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे एक बल्ब पेटायला लागते तेवढी वीजही माणसाला सोडवू न देण्याइतकी पुरेशी आहे.

इथे घामाचा संबंध येतो. कोरडी, घट्टे पडलेली कातडी विजेला बऱ्यापैकी अडवते. तिचा रोध कित्येक हजार ओहम असू शकतो. तीच कातडी घामाने भिजली की हातापासून पायापर्यंतचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो. २३० व्होल्टला हजार ओहमने भागले की २३० मिलिअँपिअर येतात. जानेवारीत नुसता झटका देऊन सोडणारी वायर मे महिन्यात जीव घेऊ शकते ती यामुळे. ‘ही मशीन जरा मारते, पण काही होत नाही’ हे वाक्य जवळपास प्रत्येक शेडमध्ये ऐकू येते. त्या वाक्यातला ‘काही होत नाही’ हा भाग कोरड्या हातांपुरताच खरा असतो.

खड्ड्याचे गणित

आता शेडच्या मागचा खड्डा. कॉम्प्रेसर, ड्रिल मशीन, गिरणीची मोटार यांच्या लोखंडी अंगाला जोडलेली वायर या खड्ड्यातल्या पाइपला जाते. आतली वायर घासून अंगाला टेकली तर वीज माणसातून न जाता या वाटेने जमिनीत जावी, हा हेतू. जुन्या पद्धतीत साधारण अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप उभा पुरतात आणि भोवती कोळसा व मीठ यांचे थर देतात. वर पाणी ओतायला नरसाळे ठेवतात. नरसाळे उगाच नसते. माती ओली असेल तरच ती वीज नीट वाहून नेते.

तापीखोऱ्यातली काळी माती ओली असताना चांगली वाहक असते. पण ही माती उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. पाइप आणि माती यांच्यातला संबंध सुटतो आणि खड्ड्याचा रोध अनेक पटींनी वाढतो. वर्षानुवर्षे मिठात राहून पाइप गंजलेला असेल तर आणखी वाईट.

एक सोपे उदाहरण घेऊ. शेडच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा ५. कॉम्प्रेसरच्या अंगावर फेज टेकली. २३० भागिले २५, म्हणजे ९.२ अँपिअर प्रवाह जमिनीत जाऊ लागला. बोर्डावर १६ अँपिअरची एमसीबी आहे. तिच्या दृष्टीने ९.२ अँपिअर म्हणजे नेहमीचेच काम. ती पडत नाही. मशीन चालूच राहते आणि तिच्या लोखंडी अंगावर १८४ व्होल्ट उभे राहतात. ओल्या हाताने कोणी टेकला की त्याच्यातून १८० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जातो.

अर्थिंग होते, एमसीबी होती आणि दोन्ही चालू होती, तरी माणूस वाचत नाही. एमसीबी आणि फ्यूज वायरिंगला जळण्यापासून वाचवतात. माणसासाठी त्या बनवलेल्याच नाहीत. खड्डा अगदी २ ओहमचा असला तरी प्रवाह ३३ अँपिअरच्या घरात जातो आणि एमसीबी पडायला वेळ लागू शकतो. अंगावरचा दाब तेवढा ६६ व्होल्टपर्यंत उतरतो. म्हणून अर्थिंग हवेच, पण ते एकटे पुरत नाही.

तीस मिलिअँपिअरचा पहारेकरी

माणसाला वाचवते ती आरसीसीबी. बाजारात अनेक जण तिला अजूनही ईएलसीबीच म्हणतात. तिचे काम हिशेबनिसाचे आहे. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. दोन्ही वायरी एका लोखंडी कड्यातून जातात. हिशेब जुळला की कडे शांत राहते. काही प्रवाह मशीनच्या अंगातून किंवा माणसातून जमिनीत गेला तर परतीचा आकडा कमी भरतो आणि ती पुरवठा तोडते. माणसांच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी वापरतात. गळती तेवढी झाली की ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी वेळात पडते. गळती मोठी असेल तर त्याहून कितीतरी लवकर. वरच्या उदाहरणात कोणी मशीनला हात लावण्याआधीच ती पडली असती.

या उपकरणाचा अमेरिकेतला प्रकारही डॅलझिएल यांनीच १९६१ मध्ये तयार केला. हात कधी सुटत नाही हे मोजणाऱ्या माणसानेच हात सोडवण्याचा मार्ग शोधला.

मात्र तिच्याही मर्यादा आहेत. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आली तर तिच्या लेखी हिशेब जुळतो. ती पडणार नाही. वेल्डिंग मशीनच्या होल्डरच्या बाजूची गळतीही तिला दिसत नाही, कारण मधला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजू वेगळ्या ठेवतो. होल्डरवर काम सुरू नसताना ६० ते ८० व्होल्ट असू शकतात. घामाने भिजलेल्या वेल्डरसाठी तेही कमी नाहीत, विशेषतः तो लोखंडी टाकीच्या आत बसून काम करत असेल तेव्हा. तिथे कोरडे हातमोजे, न फुटलेला होल्डर आणि खाली कोरडी लाकडी फळी हेच संरक्षण.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले छोटे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचे. दाबल्यावर ती पडली तर ठीक. न पडली तर ती भिंतीवरची नुसती शोभा आहे.

तीन जुन्या सवयी

पहिली सवय फ्यूजची. किटकॅटमधली तार सारखी उडते म्हणून तिथे जाड तांब्याची तार बांधतात. तार उडणे बंद होते. मग जळते ती वायर किंवा मोटार, आणि कधी शेड.

दुसरी सवय अर्थिंग न्यूट्रललाच जोडण्याची. खड्डा खणण्याचा खर्च वाचतो आणि टेस्टर लावून पाहिले तर सगळे ठीक दिसते. पण वादळात किंवा सैल जोडणीमुळे शेडकडे येणारी न्यूट्रल तुटली, की चालू असलेल्या बल्बमधून किंवा मोटारीतून फेज थेट सगळ्या मशीनच्या अंगावर येते.

तिसरी सवय ‘लाइट गेलीय तोवर करून घेऊ’ ही. वीज गेली की स्टार्टर उघडून दुरुस्ती सुरू होते. गेलेली वीज कधीही परत येते, आणि शेजारच्याने जनरेटर चुकीच्या जोडणीतून चालू केला तर ती उलट्या दिशेनेही येते. थ्री फेजला दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. मेन स्विच खाली ओढावा, त्याला कुलूप लावावे, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असावी आणि वर ‘काम चालू आहे’ ही पाटी टांगावी. त्यानंतरही टेस्टरने तपासून मगच हात घालावा. जगभरच्या मोठ्या कारखान्यांत पाळला जाणारा हा नियम पाळायला एक कुलूप पुरते.

धक्का बसलाच तर

पहिला नियम मदतीला धावणाऱ्यासाठी आहे. चिकटलेल्या माणसाला हात लावू नये. आधी मेन बंद करावा. ते जमत नसेल आणि साधा घरगुती दाब असेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करावी. उच्च दाबाची तार असेल तर लांब राहावे आणि महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा.

माणूस बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन करून लगेच छातीवर दाब द्यायला लागावे. छातीच्या मधोमध, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. अनेक ठिकाणी माणसाला मातीत पुरतात किंवा त्याच्यावर पाणी ओततात. शरीरात वीज साठून राहत नाही, त्यामुळे माती काढून घेणार काहीच नसते. जातात ती मिनिटे, आणि हृदय थरथरत असताना तीच मोलाची असतात.

छाती दाबण्याची ही पद्धतच मुळी विजेच्या अपघातांच्या अभ्यासातून आली. तारांवर काम करणाऱ्या वायरमनांच्या मृत्यूंनी अस्वस्थ झालेल्या अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी १९२० च्या दशकात संशोधनाला पैसा दिला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विल्यम कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते. थांबलेल्या हृदयाला विजेनेच चालू करण्याचे प्रयोग सुरू असताना, उपकरणाचे पॅडल छातीवर दाबताच रक्तदाब किंचित वाढतो, हे त्यांचे सहकारी गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आले. त्या निरीक्षणातून छातीवर दाब देण्याची पद्धत तयार झाली आणि जेम्स ज्यूड यांच्यासह या तिघांनी ती १९६० मध्ये प्रसिद्ध केली.

शुद्धीवर असलेल्या माणसालाही दवाखान्यात नेणे आवश्यक आहे. हातावर दिसणारा डाग रुपयाएवढा असतो, पण वीज ज्या वाटेने गेली तिथले स्नायू आतून भाजलेले असू शकतात. त्यांतून सुटलेले द्रव्य मूत्रपिंडात अडकते. लघवी चहासारखी गडद होणे ही त्याची खूण. हृदयाची लय पाहण्यासाठी ईसीजीही लागतो. ‘बरा आहे, चहा पाजून घरी पाठवला’ हा उपचार नव्हे.

जबाबदारी कोणाची?

विद्युत कायदा, २००३ च्या कलम १६१ नुसार विजेच्या अपघाताची माहिती विद्युत निरीक्षकाला देणे बंधनकारक आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनी अर्थिंग, गळतीपासून संरक्षण आणि परवानाधारक माणसाकडूनच जोडणी, या गोष्टी बांधून दिल्या आहेत. पण दोन माणसांच्या शेडमध्ये निरीक्षक येतो तो बहुधा अपघात झाल्यावर. त्याआधीची तपासणी मालकानेच करायची असते.

ती फार मोठी नाही. परवानाधारक वीजतंत्र्याकडून वर्षातून एकदा, भर उन्हाळ्यात, अर्थिंगचा रोध मोजून घ्यायचा. पावसाळ्यातला आकडा दिशाभूल करतो. बोर्डावर काही हजार रुपयांची आरसीसीबी बसवायची. टेप गुंडाळलेली वायर बदलून टाकायची. आणि उन्हाळाभर, दर आठवड्याला, सकाळी दुकान उघडताना शेडमागच्या नरसाळ्यात दोन बादल्या पाणी ओतायचे. झाडाला घालतो तसे.