ताण सुटतो तो क्षण

अमेरिकेत मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्यबाणाने शिकार करणारे झाडावर पाच-सहा मीटर उंचीवर तासन्‌तास दबा धरून असतात. त्यासाठी खोडाला धातूचे मचाण जखडण्याची पद्धत रूढ आहे. पण अलीकडे बरेच जण ‘ट्री सॅडल’ पसंत करतात. कंबर आणि बैठक पेलणारी कापडी झोळी, तिच्या दोन्ही बाजू जोडणारा ‘ब्रिज’ नावाचा आखूड दोर, आणि ब्रिजपासून खोडापर्यंत जाणारा ‘टेदर’, एवढाच हा संसार. चढताना खोडाला वळसा घालणारा आणखी एक दोर लागतो, विजेच्या खांबावरचे कामगार वापरतात तसा. वर पोचल्यावर शिकारी खोडाकडे तोंड करून, पाय छोट्या फळीवर टेकवून टेदरवर रेलतो. मिशिगनचे जॉन एबरहार्ट यांनी या पद्धतीचा वर्षानुवर्षे पुरस्कार केला. सगळे सामान पाठपिशवीत मावते आणि कुठलेही सरळ झाड चालते, हे तिचे मोठे आकर्षण.

या साधनाच्या सुरक्षिततेची चर्चा मात्र बहुतेक वेळा दोर किती वजन पेलतो इथेच अडकते. दोर जोडणारी धातूची कडी, म्हणजे कॅराबिनर, चांगला असेल तर 22 किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास भार पेलतो. 80 किलोच्या माणसाचा भार त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही कमी. नुसते लटकून राहिल्याने सुस्थितीतला दोर तुटत नाही. धोका येतो तो दोर कमी-जास्त करताना. खोड वर निमुळते होत जाते, त्यामुळे चढताना वळशाचा दोर सारखा आखडावा लागतो. आडवी फांदी आली की तो सोडून फांदीच्या वर पुन्हा बांधावा लागतो. वर पोचल्यावर भार टेदरवर घ्यायचा असतो. यातल्या प्रत्येक वेळी क्षणभर तरी माणूस कशावर विसंबून आहे हे संदिग्ध होते. म्हणून माझ्या मते सॅडलची खरी सुरक्षितता एका शिस्तीत आहे: नव्या दोरावर पूर्ण वजन टाकून पाहिल्याशिवाय जुना सोडायचा नाही. फांदी ओलांडण्यासाठी दुसरा दोर लागतो तो याचसाठी. ते ओझे जास्तीचे वाटते, पण त्याला पर्याय नाही.

लांबी बदलण्याचे काम बहुधा प्रुसिक गाठ करते. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी ती 1931 मध्ये प्रसिद्ध केली. मुख्य दोराहून बारीक दोरीचे कडे त्याच्याभोवती तीन वेढे घेऊन ओवले, की भार असताना ते आवळते आणि भार काढला की सरकते. फळीवर नीट उभे राहून आधी भार काढायचा, गाठ मुठीने सैल करून सरकवायची, वेढे एकमेकांवर चढले नाहीत ना हे पाहायचे, मग हळूहळू बसत तिला पकड घेऊ द्यायची. भार असतानाच ती ओरबाडून खाली ओढली तर घर्षणाने तापते आणि नायलॉनचे धागे वितळून गुळगुळीत होतात. नोव्हेंबरच्या थंडीत दोर भिजून गोठला, तर गाठीची पकड कालच्यासारखी राहील असे धरून चालता येत नाही. टेदरच्या टोकाला थांबवणारी गाठ हवीच. ती नसेल तर सरकलेला प्रुसिक दोरावरून निसटून जाईल.

मग गाठीऐवजी यांत्रिक पकड का नको, असा रास्त प्रश्न येतो. ती एका हाताने सरकते, हातमोजे असतानाही चालते. हा फायदा खराच आहे. पण अशी साधने ठरावीक जाडीच्या दोरासाठीच बनवलेली असतात, आणि त्यांतल्या दातेरी पकडी 4 ते 6 किलोन्यूटनच्या झटक्याने दोराचे आवरण फाडू शकतात. म्हणजे दोरात ढील न ठेवण्याचा नियम इथे अधिकच कडक होतो. ‘दोर इतका मजबूत, मग थोडी ढील असली तर काय बिघडले?’ या शंकेचेही उत्तर यातच आहे. कमी ताणणाऱ्या दोरावर हातभर घसरणेसुद्धा झटका देते, आणि सॅडल पडणारे शरीर झेलण्यासाठी नसते, शरीर जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी असते. अमेरिकेच्या बांधकाम-सुरक्षा नियमांतही अशा जागी धरणाऱ्या पट्ट्यांना 2 फुटांपेक्षा जास्त मोकळी घसरण मान्य नाही. बाण सोडण्यासाठी खोडाला वळसा घालून झुकताना टेदर लांब करण्याचा मोह होतो, तो टाळावा. टेदरची बांधणी डोळ्यांच्या रेषेत किंवा डोक्याच्या किंचित वर आणि कायम ताणलेली असली, तर पाय घसरला तरी माणूस फार तर झोळीत बसतो.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता छंदाच्या शिकारीला जागा नाही, मग हे मराठी वाचकाने का जाणून घ्यावे? कारण हीच प्रुसिक गाठ सह्याद्रीतले गिर्यारोहक दोरावर चढताना-उतरताना वापरतात, आणि भार एका दोरावरून दुसऱ्यावर नेतानाची जोखीमही तीच. दोराचे कुठलेही काम शिकणाऱ्याने हे बदल आधी जमिनीपासून हातभर उंचीवर, दिवसाउजेडी, हातमोजे घालून इतक्या वेळा करावेत की अंधारात हात चुकणार नाहीत.